लहानपणीच्या खटपटी आणि उचापती : तुमचे अनुभव लिहा

दांडियाबाजार :
काल पुतण्याने मिक्सर उघडला आणि घरभर आरडाओरडा झाला. मी माळ्यावर चढून बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा काढला. आत माझा नववीतला क्रिस्टल रेडिओ. पुठ्ठ्याच्या नळीवर तांब्याच्या तारेचे वेढे, एक गँग (स्टेशन लावायचा फिरता कपॅसिटर), एक डायोड. डायोड इथल्या, बडोद्याच्या रावपुऱ्यातल्या रेडिओवाल्या काकांनी दिला होता. पैसे घेतले नाहीत, "वाजला की सांगायला ये" एवढंच म्हणाले. तारेचं वार्निश ब्लेडने नीट खरवडलं नव्हतं, म्हणून दोन दिवस नुसता मुका. तिसऱ्या रात्री एरियल गच्चीवर, अर्थिंग नळाला, आणि कानात बारीक आवाजात बातम्या! सेल नाही, वीज नाही, लहरींत असेल तेवढ्याच जोरावर. आईचे हात कणकेत होते, तिने मान वाकवली आणि मी तिच्या कानाला हेडफोन लावला. पुढचं सगळं शिक्षण त्या रात्रीतून आलं माझं. तुम्हाला कशाने नाद लागला?

मेथीचा_ठेपला :
मिक्सर चालू झाला का पण?

दांडियाबाजार :
झाला. कार्बन ब्रश झिजला होता. त्यानेच शोधलं.

लष्करवाली :
आम्ही ग्वाल्हेरचे. जयविलास राजवाड्यातली चांदीची छोटी आगगाडी पाहून दादा वेडा झाला. जेवणाच्या टेबलावर रुळ, डब्यांत ब्रँडी नि सिगार, बाटली उचलली की गाडी थांबते. घरी येऊन त्याने आईचं दोऱ्याचं रीळ, रबरबँड, मेणबत्तीची चकती आणि काडी घेतली. पीळ दिला की गाडी पाटावरून चालायची. लिंबाच्या लोणच्याची वाटी ओढताना मात्र चाक फिरायचं जागच्या जागी. मग त्याने रिळाच्या कडेला खाचा पाडल्या, पकड आली. ते लोणचं आई उन्हात मुरवायची, तेल अजिबात नाही...

मेथीचा_ठेपला :
कृती टाका ना ताई. वेगळ्या धाग्यावर टाका.

सुरसागर :
बडोद्यात राहून कलाभवन, आपली कला नि तंत्र शिकवणारी संस्था, कशी विसरता? सयाजीरावांनी १८९० मध्ये काढली. दादासाहेब फाळके तिथे शिकले. पुढे त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाचं थोडं थोडं चित्रण रोज केलं, पडद्यावर रोप भराभर वाढताना दिसावं म्हणून. सरांनी हे पाचवीत सांगितलं आणि मी गणिताच्या वहीच्या कोपऱ्यात पानोपानी वाटाणा काढला. अंगठ्याने पानं सोडली की कोंब वर यायचा. वही सरांनी पाहिली, रागावले नाहीत, शेवटपर्यंत पानं पुन्हा पुन्हा सोडत बसले.

अवनी_के :
भावाच्या हातात पाना, माझ्या हातात लाटणं. सोल्डरिंगला बसले की "भाजून घेशील, मुलीची जात" ऐकायचं. शाळेतही मुलींना नोंदी लिहायला बसवायचे, जोडणी मुलगे करणार. अजून राग येतो. पहिला जोड बत्तिसाव्या वर्षी मारला, लेकीच्या खेळण्याला.

लष्करवाली :
अवनी, वाचून घसा दाटून आला गं. लेकीला नक्की शिकव.

अवनी_के :
ती मला शिकवतेय आता, लष्करताई.

फळा_खडू :
मी शिक्षक. आमच्या शाळेत अटल टिंकरिंग लॅब (मुलांनी स्वतः वस्तू बनवून पाहायची सरकारी योजनेतली प्रयोगशाळा) आहे, सहावी ते बारावीची मुलं येतात. त्रिमितीय प्रिंटर पाहायला गर्दी होते, ती आठवड्यात ओसरते. टिकतात ती घरची अडचण घेऊन आलेली. एकीची आजी गच्चीवरची टाकी भरेपर्यंत पहाटे जागी बसायची. पोरीने दोन तारा टाकीत सोडल्या, एक ट्रान्झिस्टर, एक बझर. पाणी तारांना टेकलं की सर्किट पुरं होऊन बझर वाजतो. पहिल्या वेळी तारा गंजल्या, मग स्टीलचे स्क्रू लावले. आजी आता झोपते. मुलीने नंतर शेजारच्या तीन घरांतही बसवला.

मेथीचा_ठेपला :
टाकीवरून आठवलं, आमच्याकडे आज पाणीच नाही. कुणाकडे आलंय?

दांडियाबाजार :
आलंय. बरं, पुतण्याने रेडिओ मागून नेला आणि आता दारात तार घेऊन उभा आहे. नळ सगळे प्लास्टिकचे झाले, अर्थिंग कुठून द्यायचं?

सुरसागर :
अंगणात लोखंडी सळई ठोका, हातभर तरी. बुडाशी बादलीभर पाणी ओता. वाजला की सांगा.