एल रेनोला ईएफ३च का?

वर विचारलंय की अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यातला एल रेनोचा टोर्नेडो (३१ मे २०१३) चार किलोमीटरहून रुंद होता तरी रेटिंग ईएफ३च कसं (ईएफ म्हणजे टोर्नेडोच्या तीव्रतेची श्रेणी, ईएफ० सगळ्यात कमी, ईएफ५ सगळ्यात जास्त). अहो, रेटिंग रुंदीवर नाही, मागे काय मोडलं त्यावर देतात, आणि तो बराचसा मोकळ्या शेतांतून गेला, मोडायला तिथे फारसं काही नव्हतंच! गाडीवर बसवलेल्या फिरत्या रडारने ताशी ४७० किमीच्या आसपास वारा मोजला, तरी रेटिंग देताना तो धरला नाही, हे मला अजिबात पटत नाही. घर पार उडालं तरी लगेच ईएफ५ देत नाहीत, आधी पाया बघतात, भिंतीचं लाकूड काँक्रीटला नट-बोल्टने आवळलेलं होतं की नुसते खिळे, कारण खिळ्यांवरचं घर बऱ्याच कमी वाऱ्यातही सरकतं.