उपासनेला जायचंय, पण बसू कुठल्या बाजूला?

रूथ_मालवणी
जय ख्रिस्त. मी तृतीयपंथी आहे. राहते मालाडच्या मालवणीत, मूळ नगरकडची (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण तोंडात नगरच बसलंय). घर पिढ्यान्‌पिढ्या ख्रिस्ती. आजी रविवार शाळेत शिकवायची, ना. वा. टिळकांची भजनं तिच्यामुळंच पाठ आहेत. बाप्तिस्मा लहानपणी झाला, अर्थात मुलाच्या नावानं. वयात आल्यावर घर सुटलं. मग लोकलमधली मंगती, गुरूचा डेरा, ते सगळं झालं. आता एका संस्थेत नोकरी आहे, आमच्या लोकांना एचआयव्ही तपासणीला घेऊन जाते.

इतकी वर्षं बुधवारी माहीमच्या चर्चला नोव्हेनाला, म्हणजे तिथल्या खास प्रार्थनेला, जायचे. तिथं हिंदू, मुसलमान सगळे मेणबत्त्या घेऊन रांगेत असतात, कोणी कोणाला काही विचारत नाही. सुरुवातीला तेच बरं वाटायचं. आता मात्र कोणीतरी विचारावं असं वाटतं. मराठी उपासना हवी, मी दोन रविवार दिसले नाही तर फोन करणारी माणसं हवीत.

भायखळ्याकडच्या एका मंडळीच्या (चर्चच्या) फाटकापर्यंत जाऊन आले. आत एका बाजूला बाया, दुसऱ्या बाजूला पुरुष. मी पदर घेते, साडीच नेसते. तरी पाय उचलेना. दुसरं, बाप्तिस्म्याच्या रजिस्टरातल्या जुन्या नावाचं काय होतं? पुन्हा बाप्तिस्मा घ्यावा लागेल का? राजपत्रात नाव बदललंय, जिल्हाधिकाऱ्यांकडचं ओळखपत्रही आहे. तिसरं, प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षारस) देतील ना?

देव सगळ्यांवर प्रेम करतो हे उत्तर कृपा करून देऊ नका. ते माहीत आहे. मला बाक सांगा.

माजी_सेक्रेटरी_परळ
ताई, सलाम. बाजूंचा नियम नाही, नुसती रीत आहे. शहरात बरीच कुटुंबं आता एकत्रच बसतात.

बाप्तिस्मा एकदाच. नाव बदललं म्हणून तो पुन्हा होत नाही. आमच्याकडे नाव बदललं की राजपत्राची प्रत घेऊन शेऱ्याच्या रकान्यात नोंद करायचो. तुमचं त्यातच बसायला हवं, शेवटचा शब्द पाळकसाहेबांचा. गावच्या मंडळीतून सभासदत्वाचं बदलीपत्र मात्र आणा. त्यावाचून प्रभुभोजन अडेल असं नाही, पण वार्षिक सभेत मत देता येणार नाही. आणि ज्याला मत नाही त्याचं कमिटी ऐकत नाही, हे अनुभवाचं सांगतो.

वचन_प्रथम
शास्त्रही बघा जरा. बायबलमधलं अनुवाद 23:1 वाचा, अशा व्यक्तीला मंडळीत प्रवेश नाही असं स्पष्ट लिहिलंय. उद्या लहान मुलं प्रश्न विचारतील, त्यांना काय सांगायचं?

महिला_मंडळ_भायखळा
वचन भाऊ, अनुवाद वाचलात तर पुढं यशया 56 पण वाचा. जे षंढ देवाचा करार पाळतात त्यांना देव आपल्या घरात मुलामुलींपेक्षाही मोठं नाव देईन म्हणतो. आणि प्रेषितांची कृत्ये 8. कूशी राणीचा तो खजिनदार, तोही षंढच, गाझाच्या रस्त्यावर रथात यशयाच वाचत बसला होता. पाणी दिसल्यावर त्यानं विचारलं, मला बाप्तिस्मा घ्यायला काय अडचण आहे? फिलिप्पानं कमिटी बोलावली नाही, दोघं पाण्यात उतरले.

मुलांचं म्हणाल तर माझ्या नातवानं भर उपासनेत विचारलं होतं, पाळकसाहेबांच्या डोक्यावर केस का नाहीत. उत्तर दिलं, विषय संपला.

एक आठवण करून देते. आपल्यापैकी बहुतेकांचे आजे-पणजे महारवाड्यातून, मांगवाड्यातून आले. गावच्या विहिरीवर त्यांना पाणी नव्हतं, मिशनच्या चर्चमध्ये बसायला सतरंजी मिळाली म्हणून आज आपण या बाकांवर आहोत. आता आपणच दारात उभं राहून कोण आत येतंय ते मोजायचं?

रूथ, बाळा, तू बायांच्या बाजूला, तिसऱ्या रांगेत बस. तिथला पंखा चालतो. पहिले काही रविवार कुजबूज होणार, खोटं कशाला सांगू? एखादी उठून दुसरीकडे जाईलही. पण उपासना झाली की लगेच पळू नको, चहाला थांब. आणि कापणीच्या सणाला काहीतरी घेऊन ये, पपई आण, कोंबडी आण. आमच्याकडं माणूस आपलं झालं हे त्या आणलेल्या वस्तूंच्या लिलावात कळतं, तुझ्याविरुद्ध कोणी चढी बोली लावली की समज.

गोराईची_आयी
आम्ही ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईकडचे मूळचे ख्रिस्ती, कॅथलिक. आमच्याकडचं सांगते. 31 ऑक्टोबर 2023 ला व्हॅटिकननं लेखी कळवलं की ट्रान्स व्यक्तीला बाप्तिस्मा घेता येतो, काही अटींवर धर्ममाता-धर्मपिताही होता येतं. लग्नाची शिकवण तीच आहे, ते वेगळं. पण कागद रोमचा आणि बाक गावचा. आमच्या वाड्यातल्या म्हाताऱ्यांना तो कागद कोणी वाचून दाखवलेला नाही. माहीमचा बुधवार मात्र सोडू नको हो.

रूथ_मालवणी
तिसरी रांग, पंख्याखाली. ठरलं. काकू, पपई आणीन, कोंबडी नाही, ट्रेनमध्ये ती मला ऐकायची नाही.

वचन भाऊ, रविवारी तुम्हीही त्याच मंडळीत असाल तर सलाम करीन. परत केलात तर बरं, नाही केलात तरी मी शेजारच्याच बाकावर असेन.

पाळकसाहेबांना फोन केला. त्यांनी आधी नाव विचारलं, मी रूथ म्हणाले, मग ते रूथबाईच म्हणत राहिले. भेटायला बोलावलंय. अडचण बदलीपत्राची आहे. गावच्या मंडळीचा सेक्रेटरी माझा सख्खा चुलता. त्यानंच मला घराबाहेर काढलं होतं.

माजी_सेक्रेटरी_परळ
मग चुलत्यांकडे मागूच नका. अर्ज तिथल्या पाळकसाहेबांच्या नावे करा, स्पीड पोस्टनं पाठवा, पोच जपून ठेवा. खाली जुनं नाव, नवं नाव, बाप्तिस्म्याचं साल आणि आजीचं नाव लिहा. महिनाभरात उत्तर नाही आलं तर इथं सांगा, बिशपांच्या ऑफिसला पत्र कसं लिहायचं ते मी सांगतो.