मदत हवी आहे : पोटाशी अंडी धरलेला कोळी बाहेर कसा न्यायचा?
बाथरूमच्या भिंतीवर चार दिवस तळहाताएवढा चपटा तपकिरी कोळी बसलाय, जाळं न करता रात्री झुरळं पकडणारा असतो ना तोच, हंट्समन, आणि मादीच आहे कारण पोटाखाली रुपयाच्या नाण्यासारखी पांढरी चपटी पिशवी घट्ट धरलीये. त्यात 200 च्या आसपास पिल्लं असू शकतात म्हणे! सासूबाई झाडू घेऊन तयार आहेत, मला मारवत नाही हो, बिचारी अंडी धरून असेपर्यंत काही खातही नाही. डबा ठेवून खालून पुठ्ठा सरकवला तर घाबरून पिशवी टाकेल का? बाहेर कुंड्यांमागे सोडली तर जगेल ना? कुणी केलंय का असं, प्लीज लवकर सांगा, पिशवी आज जरा फुगल्यासारखी वाटतेय.