बॅडमिंटन हॉर्स ट्रायल्समधून स्टीपलचेस काढला ते चुकलंच (चर्चा)

पागेकर:
नाव वाचून शटलवाले आले असतील तर आधीच सांगतो, हे घोड्यांचं बॅडमिंटन. इंग्लंडात ग्लॉस्टरशायरला ड्यूक ऑफ बोफोर्टची हवेली आहे, बॅडमिंटन हाउस, शटलच्या खेळालाही तिचंच नाव मिळालं आणि त्याआधी इंग्रज ऑफिसर आपल्या पुण्यात तो 'पूना' म्हणून खेळायचे. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमधे इव्हेंटिंगला, म्हणजे एकाच घोड्यावर तीन दिवस वेगवेगळ्या परीक्षा द्यायच्या त्या खेळात, ब्रिटनला एकही मेडल नाही मिळालं, दहाव्या ड्यूकला ते लागलं आणि त्याने पुढच्याच वर्षी आपल्या आवारात तीन दिवसांची स्पर्धा सुरू केली. १९४९ ला पहिला नंबर जॉन शेडनचा, घोडा गोल्डन विलो. आणि १९५६ ला ब्रिटनने ऑलिम्पिक टीम गोल्ड आणलं पण! त्या टीममधला फ्रँक वेल्डन १९५५ आणि ५६ ला किलबॅरीवर हीच स्पर्धा जिंकलेला.

सुरुवातीला ड्रेसाज, म्हणजे घोड्याच्या शिस्तीच्या चाली, शेवटच्या दिवशी जंपिंग, पण खरा कस लागायचा मधल्या दिवशी. आधी दुडकीवर लांबलचक रस्ते, मग स्टीपलचेस, म्हणजे कुंपणांवरून उड्या मारत भरधाव दौड, मिनिटाला ६९० मीटरच्या वेगाने, परत दुडकी, मग दहा मिनिटं थांबा, तिथे डॉक्टर घोडा तपासणार आणि त्याने हो म्हटलं तरच क्रॉस कंट्री, म्हणजे मोकळ्या रानातल्या पक्क्या अडथळ्यांवरून दौड. हा रस्ते आणि स्टीपलचेसचा भाग २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकला काढला आणि मग बॅडमिंटनमधूनही गेला. माझं स्पष्ट मत आहे की त्याने स्पर्धेचा कणाच काढला. घोडा राखून कसा चालवायचा, किती शिल्लक ठेवायचा, ते हेच भाग शिकवायचे.

कडेलोट_नको:
पूर्ण असहमत. पागेकर, ही मुळात लष्कराची परीक्षा होती हे तुम्ही सोडून देताय. १९१२ ला स्टॉकहोमला ती ऑलिम्पिकमधे आली तेव्हा फक्त ऑफिसर लोक भाग घ्यायचे, निरोप घेऊन मैलोन्‌मैल जाणारा घोडा हवा होता म्हणून ते रस्ते. आज कोण निरोप घेऊन जातंय? उगाच वीस-पंचवीस किलोमीटर दमवून मग त्याच जनावराला पक्क्या लाकडी अडथळ्यांवरून उडवायचं, यात परंपरेचं प्रेम असेल, घोड्याचं नाही.

आणि जुने दिवस सोन्याचे होते असं म्हणताना १९७६ पण आठवा. ल्युसिंडा प्रायर-पामर वाइड अवेकवर जिंकली आणि विजयाची फेरी मारतानाच तो घोडा कोसळून मेला. हजारो लोकांसमोर. मला तो प्रसंग वाचल्यापासून विसरता येत नाही.

पागेकर:
तो प्रसंग मलाही विसरता येत नाही आणि म्हणूनच ल्युसिंडाबद्दल बोलूया. ती सहा वेळा जिंकली, सहाही वेळा वेगळा घोडा. हे कसं जमलं? प्रत्येक घोड्याचा श्वास तिला कळायचा म्हणून.

सांजवेळ:
रस्ते-स्टीपलचेसवाला लांब फॉरमॅट की आताचा छोटा यावर मला फार बोलायचं नाही पण इतिहास सांगताय तर बायकांचं पण सांगा ना. १९५४ ला मार्गारेट हफ बॅम्बीवर जिंकली, १९५७, ५८, ५९ सलग तीन वर्षं शीला विलकॉक्स, आणि ऑलिम्पिकमधे मात्र इव्हेंटिंगला बाईला परवानगी नव्हती, ती १९६४ ला टोकियोत पहिल्यांदा एका अमेरिकन बाईला मिळाली, लाना ड्यू पाँटला. म्हणजे ज्या स्पर्धेचा हेतूच ऑलिम्पिकची तयारी हा होता तिथे बाई सलग तीनदा सगळ्यांना हरवते आणि तिलाच ऑलिम्पिकला घोडा नेता येत नाही!! मला बॅडमिंटन यासाठी मोठं वाटतं, तिथे दार आधीपासून उघडं होतं.

जुना_कॅडेट:
मी खडकवासल्याला घोडा शिकलो, इव्हेंटिंग कधी मोठ्या पातळीवर केलं नाही, पण पागेकरांच्या बाजूने एक सांगतो. जोरात दौडवून आणलेल्या घोड्याला आमचे मोतद्दार आधी चालवायचे, पाणी मारायचे, पट्टीने निथळून काढायचे, परत पाणी. मग पुढच्या दोन पायांच्या मधे छातीला हात लावायचा. तिथे भट्टीसारखं लागलं तर परत चालवा, जबड्याखाली बोट ठेवून नाडी मोजा. दिसायला घोडा ठणठणीत, कान टवकारलेले, आणि हात सांगतो की अजून नाही. तो दहा मिनिटांचा थांबा म्हणजे हेच काम होतं हो, आणि ते सगळ्यात अवघड उड्यांच्या *आधी* व्हायचं. आता घोडा थेट वॉर्म-अपमधून क्रॉस कंट्रीला जातो, तपासणी नंतर. लंगडा किंवा थकलेला घोडा आधी पकडायची एक जागाच गेली.

कडेलोट_नको:
दादा, हा मुद्दा मान्य. पण थांबा असूनही माणसं वाचली नाहीत ना? १९९९ च्या एकाच सीझनमधे ब्रिटनमधे क्रॉस कंट्रीत पाच रायडर गेले, तेव्हा लांब फॉरमॅटच होता. घोडा पक्क्या अडथळ्यावर अडकून उलटा रायडरवर पडतो, त्यावर उपाय निघाला तो खिळ्यांचा. धक्का बसला की खिळा तुटतो, ओंडका खाली येतो, घोडा उलटत नाही. माझ्या मते या खेळातला गेल्या पंचवीस वर्षांतला सगळ्यात मोठा बदल तो आहे, स्टीपलचेस नाही.

ब्रिस्टलहून:
मी २०२३ ला बघायला गेलेलो, नुसता चिखल, लेकपाशी उभा होतो तर घोडे पाण्यात उतरायच्या आधीच पोटापर्यंत काळे. रॉझ कँटर लॉर्डशिप्स ग्राफालोवर जिंकली, आणि २०२५ ला परत तीच जोडी. जवळून गेला तेव्हा ती एक क्षण लगाम सैल सोडून त्याला स्वतःची पावलं निवडू देताना दिसली, मग परत धरलं. पागेकर, घोडा राखणं संपलेलं नाही हो.

पागेकर:
ब्रिस्टलहून, हे वाचून बरं वाटलं, खरंच. आणि कडेलोट, खिळ्यांबद्दल वाद नाही, ते आधीच यायला हवे होते. स्टीपलचेस आता परत येणार नाही हे मलाही कळतं, त्यासाठी जमीन लागते, थरोब्रेड म्हणजे शर्यतीच्या जातीचे घोडे लागतात, ऑलिम्पिकच्या गावात तेवढी जागा कोण देणार. पण जुना कॅडेट म्हणतात ती दहा मिनिटं? त्याला फक्त एक छोटं मैदान, पाण्याच्या बादल्या आणि एक डॉक्टर लागतो. क्रॉस कंट्रीच्या आधी ती परत आणायला काय हरकत आहे ते मला सांगा, मी आजच स्टीपलचेसचा हट्ट सोडतो.