अनुभव धागा: ‘लाइन’ हा इंग्रजी शब्द तुमच्या कामात कुठे कुठे येतो?

दापोली-हर्णै भागात मी मोठ्या माणसांना संध्याकाळी इंग्रजी शिकवते. कुणी होमस्टे चालवतं, कुणी जहाजावर जायच्या तयारीत आहे, कुणी नर्सिंग करतंय. सगळ्यांचा आग्रह एकच, अवघड शब्द द्या. माझं मत उलट आहे. अवघड शब्दाला बहुधा एकच अर्थ असतो आणि तो डिक्शनरीत मिळतो. दमवतात ते रोजचे छोटे शब्द. ते आपल्याला येतातच असं वाटतं, म्हणून आपण ते कधी उघडून बघत नाही.

‘लाइन’च घ्या. रेशनची लाइन, पाण्याची लाइन, ‘पोरगा लाइनीला लागला’. मराठीत तो पुरता मुरलाय. इंग्रजीत मात्र तो याच्या कितीतरी पुढे जातो. ‘व्हॉट लाइन आर यू इन?’ असं कुणी विचारलं तर तो तुमचा कामधंदा विचारतोय, रांग नव्हे. आणि रांगेलाही ‘लाइन’ म्हणतात ते अमेरिकन. इंग्लंडमधला माणूस ‘क्यू’ म्हणेल.

तुमच्या कामात हा शब्द कसा वापरतात ते लिहा. नुसता अर्थ नको. सोबत कोणतं क्रियापद लागतं, ‘इन’ येतं की ‘ऑन’, तेही लिहा. शब्द सोबत्यांसकट उचलला तरच तोंडात बसतो.

निवृत्त बोसन (जहाजावरच्या खलाशांचा मुकादम), गुहागर तालुका

बाई, आमचा तर जन्म या शब्दात गेला. जहाजावर दोर स्टोअरमध्ये गुंडाळून पडलेला असेल तोवर तो ‘रोप’. कामाला लागला की ‘लाइन’. जहाज धक्क्याला बांधताना पुढून जाते ती हेड लाइन, मागून स्टर्न लाइन, काटकोनात ब्रेस्ट लाइन, आणि जहाजाला पुढेमागे सरकू देत नाही ती स्प्रिंग लाइन. सगळ्यांत आधी किनाऱ्यावर फेकतात ती हीव्हिंग लाइन. ती बारीक असते, टोकाला जड गाठ असते. धक्क्यावरचा माणूस ती पकडतो आणि तिला बांधलेला जाड दोर ओढून घेतो.

ऑर्डरी पाठ करा. ‘स्लॅक द लाइन’ म्हणजे ढील द्या. ‘हीव्ह’ म्हणजे ओढा. ‘लेट गो’ म्हणजे सोडा. ‘मेक फास्ट’ म्हणजे पक्कं बांधा. इथल्या ‘फास्ट’चा वेगाशी काही संबंध नाही. हे शेवटचं नव्या पोरांना मी पहिल्याच दिवशी सांगायचो, कारण ‘फास्ट’ ऐकलं की पोरगा धावत सुटतो.

आणखी एक, आणि हे जिवाचं आहे. दोर तुटला तर ‘द लाइन हॅज पार्टेड’ म्हणतात. नायलॉनचा दोर ताणाखाली लांबतो आणि तुटला की चाबकासारखा उलटा येतो. त्याला ‘स्नॅप-बॅक’ म्हणतात. त्याच्या आवाक्यात उभा असलेला माणूस मरतो. ताणलेल्या दोराजवळ ‘स्टॅण्ड क्लिअर ऑफ द लाइन’ अशी आरोळी आली, तर अर्थ लावत बसायला वेळ नसतो.

जहाजाच्या कुशीवर वर्तुळ आणि त्यातून जाणारी आडवी रेघ रंगवलेली असते, ती लोड लाइन. तिला प्लिमसोल लाइनही म्हणतात. सॅम्युअल प्लिमसोल नावाच्या ब्रिटिश खासदाराने जादा माल भरून बुडणाऱ्या जहाजांविरुद्ध आवाज उठवला आणि 1876 साली तिकडे त्याचा कायदा झाला. शेजारच्या अक्षरांत ‘टी’ म्हणजे ट्रॉपिकल, ‘एस’ म्हणजे समर, ‘डब्ल्यू’ म्हणजे विंटर, ‘एफ’ म्हणजे फ्रेश वॉटर, गोडं पाणी. गोड्या पाण्यात जहाज जास्त बसतं, म्हणून ती रेघ वेगळी. आणि ‘वी क्रॉस्ड द लाइन’ असं खलाशाने सांगितलं तर त्याने विषुववृत्त ओलांडलं. तेच वाक्य घरात किंवा ऑफिसात ऐकलं तर कुणीतरी मर्यादा सोडली.

आंबा बागायतदार, देवगड

आमच्याकडे ‘लाइन’ क्रियापद आहे आणि ते मला फार आवडतं. पॅकिंगच्या सूचनांत होतं, ‘लाइन द बॉक्स’. रेघ मारायची नाही. पेटीला आतून थर द्यायचा. पेंढा आधी तळाशी, मग चारी बाजूंना, कोपऱ्यात जरा जास्त, कारण हापूसला पहिला मार कोपऱ्यातच बसतो. मग फळांचा थर, पुन्हा पेंढा. ‘लाइन विथ’ असं येतं, म्हणजे ‘लाइन द बॉक्स विथ स्ट्रॉ’. ‘लाइन बाय’ नाही.

2007 साली अमेरिकेने आपल्या आंब्याला दार उघडलं ते विकिरणाच्या, म्हणजे फळावर किरण सोडून कीड निष्प्रभ करण्याच्या, अटीवर. फळ निर्यातीला द्यायचं तर ग्रेडिंग लाइन, पॅकिंग लाइन हे शब्द येतातच. तिथे लाइन म्हणजे एकामागून एक कामं होत जाणारी सगळी मांडणी. त्या कामावरची बाई ‘ऑन द लाइन’ असते, ‘इन द लाइन’ नाही.

धागा काढणारी

काका, पेंढ्याचं उदाहरण उद्याच्या वर्गात घेते. आतून थर देणं आणि रेघ हे दोन अर्थ दूरचे वाटतात, पण मूळ एकच आहे. लॅटिनमध्ये ‘लिनम’ म्हणजे जवस, आपली अळशी. तिच्या खोडातून धागा निघतो, त्याचं कापड ते लिनन. ताणलेला धागा ती लाइन. कपड्याला आतून लिननचं अस्तर लावत, म्हणून अस्तर ‘लायनिंग’ आणि अस्तर लावणं ‘टू लाइन’. क्रिकेटच्या बॅटला चोळतात ते लिनसीड ऑइल म्हणजे जवसाचं तेल. ‘लाइन’चा कुठलाही नवा अर्थ आला की मी वर्गाला आधी ताणलेला धागा डोळ्यांपुढे आणायला सांगते. बहुतेक वेळा पुढची वाट सापडते.

गवंडीकाम करणारा, कुडाळ

धागा म्हणालात म्हणून लिहितोय. आम्ही तिला ‘लाइनदोरी’च म्हणतो. चिऱ्याची भिंत चढवताना आधी दोन्ही कोपरे ओळंब्यात, म्हणजे वजन लावलेल्या दोरीने सरळ, उभे करायचे, मग दोरी ताणायची आणि मधले चिरे तिच्या अंगाने बसवायचे. चिरा दोरीला टेकू द्यायचा नाही. टेकला तर दोरीच पुढे ढकलली जाते आणि सगळा थर पोट काढतो. एखादं सूत जागा सोडायची. (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. तोही धागाच की!) माझे वडील लांबूनच ओरडायचे, ‘चिरो भायर इलो हा, मागे घे!’

मुलाच्या इंग्रजीच्या पुस्तकात ‘आउट ऑफ लाइन’ आलं. अर्थ दिला होता, गैर वागणं किंवा बोलणं. त्याला भिंतीजवळ नेऊन एक चिरा पुढे ओढून दाखवला. ‘इन लाइन विथ द रूल्स’ म्हणजे नियमाला धरून, हे त्याने मग आपणहून सांगितलं. ओळंब्याला इंग्रजीत ‘प्लम्ब लाइन’ म्हणतात. त्यातला शेवटचा ‘बी’ उच्चारायचा नाही, ‘प्लम लाइन’.

निवृत्त रेल्वे कर्मचारी, रत्नागिरी

कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली 26 जानेवारी 1998 ला. रोहा ते वीर दुहेरी झाली, बाकी बराचसा मार्ग अजून एकेरी. म्हणजे ‘सिंगल लाइन’. गाडी मध्येच एखाद्या छोट्या स्टेशनात उभी राहिली की डब्यात विचारणा सुरू होते, ‘गाडी खय थांबली?’ ती तेव्हा लूप लाइनवर, म्हणजे स्टेशनातल्या बाजूच्या रुळांवर, असते आणि समोरची गाडी मेन लाइनवरून जाणार असते. पुढचं स्टेशन ‘लाइन क्लिअर’ देईपर्यंत मधल्या टप्प्यात गाडी सोडता येत नाही. एका वेळी तिथे एकच गाडी. शब्द दोनच, पण सगळी सुरक्षितता त्यांवर उभी आहे.

रुळांवरून आलेले वाक्प्रचारही शिकवा बाई. ‘डाउन द लाइन’ म्हणजे पुढे कधीतरी. ‘फाइव्ह इयर्स डाउन द लाइन’ हे मुलाखतीत हमखास विचारतात. ‘एंड ऑफ द लाइन’ म्हणजे शेवटचं स्टेशन, आणि आता पुढे वाट नाही असंही.

होमस्टे चालवणारी, तारकर्ली

पाहुणे दोन गोष्टी विचारतात. ‘इज देअर अ क्लोथ्सलाइन?’ म्हणजे कपडे वाळत घालायची दोरी आहे का. वाळत घालणं म्हणजे ‘हँग ऑन द लाइन’. आणि फोनवर ‘होल्ड द लाइन’, म्हणजे फोन ठेवू नका.

मासेमारीचा धंदा असलेल्या घरातला, मालवण

गरीला लावायची दोरी तीही लाइनच. लांब मुख्य दोरीला ओळीने गऱ्या लावून सोडतात ती लाँगलाइन. बाहेरच्या बाजारात माशावर ‘लाइन-कॉट’ लिहितात, म्हणजे जाळ्यात नाही, गरीवर पकडलेला. जाळ्यात मासा घासटतो, गरीवरचा दिसायला चांगला राहतो, म्हणून भाव. ‘हुक, लाइन अँड सिंकर’ हेही आमचंच: गरी, दोरी आणि खालचं शिसं. मासा हे सगळं गिळतो तसं एखाद्याने थाप पूर्ण खरी मानली, की हे म्हणतात.

किनाऱ्यालगत घर असलेली, वेंगुर्ला तालुका

घराच्या डागडुजीच्या परवानगीसाठी सीआरझेडचे (किनारपट्टी नियमन क्षेत्राचे) कागद वाचावे लागले. पहिली अधिसूचना 1991 ची. तिचा कणा म्हणजे ‘हाय टाइड लाइन’. तिथून जमिनीकडे 500 मीटरपर्यंत बंधनं. व्याख्येत लिहिलंय, ‘स्प्रिंग टाइड’च्या वेळी पाणी जिथवर चढतं ती रेषा. माझ्या भाच्याला तो वसंत ऋतू वाटला. स्प्रिंग टाइड म्हणजे आपलं उधाण, अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराचं. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या सुमाराच्या कमी भरतीला ‘नीप टाइड’. एवढा एक शब्द चुकीचा लावला तर माणूस वर्षातून एकदाच येणाऱ्या पाण्याची रेषा शोधत बसेल. सरकारी इंग्रजी वाचताना ‘लाइन’च्या आधीचा शब्द नीट बघा, ही माझी कळकळीची विनंती आहे.

कॉलेजच्या नाटकात काम करणारी, सावंतवाडी

इंग्रजी एकांकिकेत प्रत्येकाला आपापल्या ‘लाइन्स’ पाठ करायच्या असतात. तालमीत अडलं तर नट नुसतं ‘लाइन!’ म्हणतो आणि प्रॉम्प्टर पुढचं वाक्य देतो. माझे मामा दशावतारात आहेत. त्यांच्याकडे लिहिलेल्या लाइन्सच नसतात. आख्यान ठरतं आणि संवाद रंगमंचावरच बोलता बोलता उभे राहतात. ‘लर्न युअर लाइन्स’ त्यांना कसं समजावायचं हे मला अजून सुचलेलं नाही. बाई, तुम्हीच सांगा.

नर्सिंगची विद्यार्थिनी, चिपळूण

आमच्याकडे लाइन म्हणजे शिरेत बसवलेली नळी. ‘स्टार्ट अ लाइन’ म्हणजे ती बसवणं, ‘फ्लश द लाइन’ म्हणजे सलाइन सोडून ती मोकळी करणं. मोठ्या शिरेतली ती ‘सेंट्रल लाइन’. वॉर्डात आम्ही सगळे ‘लाइन लावा’ असंच बोलतो. पण पेशंटच्या नातेवाइकांपुढे मी ‘सलाइनची नळी’ म्हणते, कारण ‘लाइन गेली’ ऐकून एक आजी लाइट गेली समजून मोबाइलची बॅटरी लावायला निघाल्या होत्या.