भरपाई निकालावर अडवू नका

वर एका ताईंनी लिहिलंय की सत्ता बदलल्यावर निघणारी प्रत्येक चौकशी सूडाचीच असते, तेव्हा जुनी प्रकरणं उकरू नयेत. मी बडोद्याचा, दांडिया बाजारात वाढलेला. मला हे अजिबात पटत नाही. इथे गुजरात दंगलीत १ मार्च २००२ ला बेस्ट बेकरीत १४ जण मारले गेले. २००३ मध्ये सगळे २१ आरोपी सुटले आणि २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला खटला महाराष्ट्रात हलवावा लागला. तेव्हा राज्यात भाजप होता. १९८४ मध्ये दिल्लीत शिखांचं हत्याकांड झालं तेव्हा काँग्रेस होती, आणि त्यासाठी काँग्रेसच्या सज्जन कुमारला जन्मठेप व्हायला डिसेंबर २०१८ उजाडला. चौतीस वर्षं! एकाबद्दल बोलताना दुसऱ्याचं नाव पुढे करून गप्प बसवणं मला फार लागतं.

खरी गाठ मंजुरीत आहे. कामाच्या ओघात केलेल्या गुन्ह्यासाठी सरकारी माणसावर खटला भरायला सरकारचीच परवानगी लागते. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत (फौजदारी खटल्यांच्या कायद्यात) १२० दिवसांत निर्णय झाला नाही तर मंजुरी मिळाली असं धरतात, हे चांगलं झालं. पण नकार देणारं सरकारच.

आणि पीडितांची भरपाई तरी पक्षावर, खटल्यावर का अडावी? बिहारचा रुदल शाह १९६८ ला निर्दोष सुटूनही १४ वर्षं तुरुंगात राहिला. १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला ३५,००० रुपये देववले, तेही अंतरिम. कुणाला शिक्षा होईपर्यंत थांबवलं नाही. तसंच सगळ्यांना मिळावं, एवढंच मागतोय.