पट्टा रुतलेला कुत्रा, वर्गणी कशी काढू?

भांडुपची: चाळीमागे कुत्र्याला साखळीला बांधून मालक खोली सोडून गेलाय, पट्टा मानेत रुतलाय, अंगभर खरूज, बरगड्या मोजून घ्या. खर्च एकटीला झेपणार नाही, लोकांकडे मागू कशी?

परळकर ताई: आधी परळच्या बैलघोडा हॉस्पिटलला, म्हणजे जनावरांच्या दवाखान्यात ने गं. पट्टा घरी ओढू नकोस, डॉक्टरच काढतील. ग्लोव्हज घाल, खरूज माणसालाही लागते. आणि दया येऊन एकदम पोटभर घालू नको, उपाशी जीवाला बाधतं, थोडं थोडं चारदा दे.

लोकलवाला: पैसे स्वतःच्या खात्यात अजिबात नको. डोनरना थेट बिल भरायला सांग, पावतीचा फोटो ग्रुपवर टाक. आमच्याकडे यावरूनच राडा झालेला, तोही सातशे रुपयांवरून!

भांडुपची: साखळी सोडली, साधं गुरगुरलापण नाही. रिक्षावाला म्हणाला गोणपाट अंथर, निघालेय.